उकड्या तांदळाची बारा लुगडी

मी नागपुरात उतरलो तेव्हा माझ्याजवळ एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि खाण्यापिण्यातले आपल्याला सगळे कळते असा एक पक्का समज, एवढे सामान होते. ट्रंक अजून माळ्यावर आहे. वळकटी कधीच फाटली. समज मात्र साडेतीन आठवड्यांत उतरला, आणि तो कसा उतरला ते मी आमच्या घरात इतक्या वेळा सांगितले आहे की मुलगी आता नुसते "बाबा, कळलं, मीठ," म्हणते आणि उठून जाते. म्हणून म्हटले, लिहून ठेवावे. कागद उठून जात नाही.

माझे गाव देवगडच्या अलीकडे, खाडीला लागून. आमच्याकडची पोरे शाळा संपली की मुंबईला जात. मला एका ओळखीच्या गृहस्थांनी लकडगंजातल्या लाकडाच्या डेपोत चिकटवून दिले आणि मी उलट्या दिशेच्या गाडीत बसलो. आई निरोपाला आली तेव्हा तिने एकच विचारले, "थंय मराठी बोलतत मां?" मी हसलो. एकाच राज्यातले गाव, तिथे मराठी नाही तर काय बोलतील! पण नागपूरच्या स्टेशनवर रिक्षावाल्याने "कोठी जाऊन राहिले, भाऊ?" असे विचारले आणि मी कुठेच जाऊन राहिलेलो नाही, आत्ताच आलो आहे, हे त्याला सविस्तर समजावून सांगितले. तो माझ्याकडे बराच वेळ बघत होता. त्या क्षणापासून मी परदेशात आहे हे मी मनोमन मान्य केले आणि परदेशात गेलेला माणूस जे करतो तेच करायचे ठरवले. गावभर हिंडायचे, दिसेल तिथे खायचे आणि घरी पत्रे लिहायची.

डेपोतले माझे काम म्हणजे सागवानाच्या ओंडक्यांवर खडूने नंबर टाकणे. दिवसभर कानात करवत. राहायला खोली मिळाली ती डेपोपासून दहा मिनिटांवर, विणकरांच्या एका गल्लीत. घर दौलतकाकांचे. समोरच्या दालनात जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा हातमाग, मागे चूल, आणि बाजूला माझी खोली, जिचे दार त्यांच्याच ओट्यावर उघडायचे. सकाळी डोळा उघडायच्या आधी कान उघडायचे, कारण भिंतीपलीकडे काकांचा माग सुरू झालेला असायचा. खटक-फट, खटक-फट. मध्येच थांबला की समजायचे, धागा तुटला. मग काकांचा एक सुस्कारा, आणि पुन्हा खटक-फट. ओट्यावर काकू चरख्यावर विणायच्या सुताच्या कांड्या भरत बसायच्या, त्याची घर्रघर्र. पहिले चार दिवस मला वाटले या आवाजात आपण वेडे होऊ. आज नागपुरातल्याच नंदनवन वस्तीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये सकाळी इतकी शांतता असते की कधीकधी त्यामुळेच जाग येते.

तर खाणे. मी नियम केला की रोज संध्याकाळी नवीन ठिकाणी जेवायचे आणि रविवारी आईला पत्रातून प्रत्येक ठिकाणाला दहापैकी गुण द्यायचे. आईला वाचता येत नसे. धाकटी बहीण शालू मोठ्याने वाचायची आणि ऐकायला शेजारची चार घरे जमायची. म्हणजे मला वाचकवर्ग होता, आणि वाचकवर्ग असला की माणूस जरा जास्तच लिहितो.

पहिली मोहीम सावजीची. डेपोतला हमाल गुलाब, जो पेरणीला गावी जायचा आणि एरवी आमच्याकडे ओंडके उचलायचा, त्याने मला एका घरगुती भोजनालयाच्या दारात नेऊन सोडले आणि का कोण जाणे, स्वतः आत आला नाही. दोन बाके, चार टेबले, आतून मसाला भाजल्याचा वास. मी मटण मागवले. वाटीतला रस्सा काळपट लाल, वर बोटभर तेलाचा तवंग, त्याला तिथे तर्री म्हणतात. मालक माझा चेहरा पाहून म्हणाला, "पह्यल्यांदा आले काय, भाऊ? तर्री कमी करून देऊ?"

मी माशाच्या तिखल्यावर वाढलेला माणूस. म्हटले, "कमी कशाला? जशी असते तशी द्या."

"पाहा बाप्पा," तो म्हणाला.

पहिल्या घासाला काही झाले नाही. दुसऱ्या घासाला कान गरम झाले. तोवर मी आयुष्यात कानांनी कधी जेवलो नव्हतो. तिसऱ्या घासाला डोळ्यांतून धारा लागल्या आणि त्या मी सदऱ्याच्या बाहीने पुसत पुसत जेवत राहिलो, कारण आता थांबलो असतो तर सबंध कोकणाची मान खाली गेली असती. समोर बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांचा घास हातातच राहिला. त्यांनी हळूच विचारले, "घरी कोणी गेलं का गा?" मी मान हलवून हो म्हटले. ते सोपे होते. त्यांनी मालकाला काहीतरी खुणावले, आणि मालकाने दुखवट्यादाखल माझ्या वाटीत आणखी एक पळी तर्री ओतली.

रविवारच्या पत्रात मी लिहिले: "सावजी जेवण, दहापैकी नऊ. जरा फिके वाटले."

पुढे असेच चालले. सकाळचे पोहे खायला गेलो तर त्यांच्यावरही हरभऱ्याचा लाल रस्सा ओतलेला. पोह्यांनी कुणाचे काय वाईट केले होते, मला कळेना. मारवाड्याच्या बासात, म्हणजे खानावळीत गेलो तिथे तुपाचे फुलके आणि वरण उत्तम, पण वाढणारा माणूस मी चौथा फुलका घेतला की माझ्याकडे इतक्या प्रेमाने बघायचा की पाचवा, सहावा, सातवा नाही म्हणता यायचा नाही. दोन दिवस मी ओंडक्यांवर बसून नंबर टाकले. एकदा गुलाबबरोबर ट्रकमध्ये बसून शहराबाहेरच्या वाडी गावाला गेलो. तिथल्या ढाब्यावर खाटेवर मांडी घालून जेवायचे. समोर ट्रकची रांग, दाल अशी की तिच्यात चमचा उभा राहावा. ती मला खरोखर आवडली, पण वाडी रोज थोडीच जमणार! आणि मासा? मासा म्हणून एकाने माझ्यापुढे तळ्यातला रोहू ठेवला. मी त्याला काट्यासकट माफ केले.

खरे सांगायचे तर तिसऱ्या आठवड्यात मी कुठेच जात नव्हतो. पोट बिघडले होते, आणि ते मान्य करायला मी तयार नव्हतो. संध्याकाळी ऐटीत भांग पाडून, "जरा जेवून येतो, काकू," असे ओट्यावर सांगून बाहेर पडायचो, कोपऱ्यावर चार संत्री, दोन केळी आणि पाव घ्यायचो आणि लाकडाच्या ढिगाआड बसून खायचो. मग तासभर उगीच फिरून, दात कोरत परत. पत्रात गुण वाढतच होते. शालूने उलट टपाली लिहिले होते की आई शेजाऱ्यांना सांगते, झिलान नागपूर जिंकल्यान, म्हणजे लेकाने नागपूर जिंकले. ट्रंकेच्या तळाशी आईने दिलेली उकड्या तांदळाची थैली होती, सणावाराला शिजव म्हणून. माझ्याकडे ना चूल ना स्टो. रात्री झोपताना ती उघडून मी वास तेवढा घ्यायचो. असे अजून महिनाभर चालले असते तर मी हाडांचा सापळा होऊन गावी परतलो असतो, आणि जिंकलेल्या नागपुराची कथा तिथेच संपली असती.

काकूंच्या नजरेतून हे सुटणार कसे? एका संध्याकाळी त्या आणि शेजारच्या यमुनामावशी ओट्यावर बसल्या होत्या. मी भांग पाडून निघालो.

"काहून गा भाऊ," काकू म्हणाल्या, "रोज हाटेलात जेवून राहिले, अन् रोज वाळून राहिले. हे कसं?"

"अवं, संत्र्यानं माणूस वाळतेच," यमुनामावशी म्हणाल्या. "डेपोच्या मागं सालांचा ढीग पाह्यला मी."

मी पकडला गेलो होतो. मग विषय बदलायचा म्हणून, किंवा भुकेने असेल, मी त्यांना पेजेबद्दल सांगू लागलो. आमच्याकडे सकाळी उठल्यावर पेज लागते. तांदूळ भरपूर पाण्यात, इतका शिजवायचा की दाणा ओळखू येऊ नये. रात्रीची राहिली तर वर साय धरते, किंचित आंबूस वास येतो, तीच सकाळी मीठ घालून प्यायची, बरोबर लोणच्याची फोड. आई शेतावर लवकर जायची म्हणून दहाव्या वर्षापासून घरची पेज मीच करायचो.  काकूंनी हातातला चरखा थांबवला. दोघी एकमेकींकडे बघून खुदकन हसल्या.

"हे तं आमच्याकडं..." काकू म्हणाल्या, आणि तेवढ्यात आतून काकांनी कांडी मागितली, म्हणून त्या उठल्या. वाक्य तिथेच राहिले. त्या अर्ध्या वाक्याने काय काय करून ठेवले!

त्या दिवसांत घरात एक वेगळीच धांदल होती. काकांना इतवारी बाजारातल्या एका व्यापाऱ्याने पहिल्यांदाच बारीक सूत दिले होते. बारा लुगड्यांचे. गल्लीतले निम्मे माग बंद पडले होते, काकांचा धाकटा भाऊ गिरणीत लागला होता आणि काकांनाही तिथेच बोलावत होता. काका त्या सुताचा एक धागा माझ्या डोळ्यांपुढे धरून म्हणाले, "दिसते का?" मला दिसला नाही. "हे जमलं तं व्यापारी बाराही महिने हेच सूत देते. नाही जमलं तं मी चाललो गिरणीत. पण माझे हात गिरणीचे नाहीत, भाऊ. बारीक सुताचे हायेत." ते बढाई मारत नव्हते. माझ्या खांद्यावर हात ठेवावा इतक्या साधेपणाने त्यांनी ते सांगितले. मला तेव्हा एवढेच कळले की उद्या पहाटे त्या सुताच्या ताण्याचे, म्हणजे लुगड्याच्या उभ्या धाग्यांचे, काहीतरी महत्त्वाचे काम आहे आणि गल्ली मदतीला येणार आहे. काय काम, ते विचारायचे मला सुचले नाही. मी पोटाशी बोलत होतो.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधीच भुकेने जाग आली. दार उघडले तर माझ्या उंबऱ्याच्या अगदी शेजारी, ओट्यावर, एक मोठा गंज. गंज म्हणजे इकडचे पातेले. हा आंघोळीच्या घंगाळाएवढा होता. वर परात झाकलेली. मी परात सरकवली. आत पांढरीशुभ्र, पातळ, वर साय धरलेली, किंचित आंबूस वासाची पेज.

माझे डोळे भरून आले, आणि या खेपेला तिखटाने नाही. काल संध्याकाळी बोललो काय आणि या माउलीने रात्रीतून केली काय! आणि केवढी केली! वैदर्भीय माणसाचे मन मोठे असते असे ऐकले होते, पण ते एवढ्या आकाराचे असेल असे वाटले नव्हते. मी तांब्याने एक घोट घेतला. मीठ नव्हते. बरोबरच आहे, त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत! ट्रंकेत आईने दिलेली खडेमिठाची पुरचुंडी होती. ती आणून दोन मुठी गंजात टाकल्या, तांब्याने तळापर्यंत छान ढवळले आणि आंब्याच्या लोणच्याबरोबर चार तांबे पेज प्यालो. उरलेली पाहून लाज वाटली, म्हणून पाचवाही प्यालो. मग भिंतीला टेकून बसलो. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला नागपूर आवडले.

बाहेर हळूहळू उजेड होत होता. गल्लीत माणसे जमू लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबूच्या कैच्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्यावर काकांनी तो ताणा पसरला, दोनशे हात तरी असेल, गल्लीतून धुक्याचा पट्टा जावा तसा. बायका-पुरुष हातात लांब कुंचे घेऊन दोन्ही बाजूंना उभे राहिले. मी तृप्त मनाने ओट्यावर उभा होतो. काकू आतून हातात एक पुडी घेऊन आल्या. मला वाटले, आभार मानायची हीच वेळ, चार लोकांसमोर. मी स्वच्छ आवाजात म्हणालो, "काकू, पेज एक नंबर झाली होती. मीठ तेवढं विसरलात, ते मी घातलं."

गल्ली गप्प झाली. पुढे कितीतरी वर्षे मी भाषणे ऐकली, पण एका वाक्यात एवढी शांतता कुणी केलेली मला आठवत नाही.

काकूंनी परात उचलून पाहिले, मग बोट बुडवून जिभेला लावले. "अवं माय!" एवढेच म्हणाल्या आणि ओट्यावर बसल्या.

यमुनामावशींनी मला सांगितले. त्यांनाही हसावे की रडावे कळत नव्हते. "खळ होती थे, बाप्पा! ताण्याले पाजाची खळ! सूत खळ पिते तवा त्याच्यात जीव येते. तुम्ही सुताच्या आधी पेले?"

"अन् ह्या पुडीत मोरचूद हाय," काकू म्हणाल्या. "खळीले बुरशी नोको म्हून आता टाकणार होती. पाच मिनिटं आधी टाकलं असतं तं तुम्ही इथंच निळे पडले असते."

 पण मला खरी भीती वाटली ती काकांकडे पाहून. ते ओरडले नाहीत. कुंचा खाली ठेवून ते ओट्याच्या कडेला उकिडवे बसले आणि पूर्वेकडे बघत राहिले. कुणीतरी म्हणाले, थोडे मीठ असले तर काय होते, लावून पाहू. काकांनी मान हलवली. "मिठाचा धागा हवेतलं पाणी ओढते. सुकतच नाही. एकमेकाले चिकटते, अन् मंग पट पट तुटते." घरातला तांदूळ सगळा त्या गंजात गेला होता. रेशनचे दुकान उघडायला अजून दोन तास. शेजारपाजारी ज्वारी खाणारी घरे, कुणाकडे वाटीभर, कुणाकडे तीही नाही. शिमग्याच्या आधीचे, ऊन तापू लागण्याचे दिवस. आठ वाजता ऊन चटके देऊ लागले की ताण्याला खळ लावता येत नव्हती, लावली तर ती वरच्या वर सुकून पापडासारखी झाली असती. आणि ही मदतीला आलेली माणसे उद्या आपापल्या कामाला जाणार. पसरलेला ताणा तसाच गुंडाळला तर ते बारीक सूत गुंतून वाया. काका उन्हाची वाट बघत होते, आणि उन्हापलीकडे गिरणी होती.

मी खोलीत गेलो आणि ट्रंकेतली थैली घेऊन आलो. चार शेर तरी तांदूळ असेल.

काकूंनी मूठभर हातात घेतला. "हा पिवळा काहून?"

"उकडा आहे. आधी उकडून वाळवलेला."

"उकडलेला तांदूळ आणखी उकडाचा? अन् शिजाले किती वेळ?"

हाच प्रश्न होता. उकडा तांदूळ सावकाश शिजतो. त्याची पेज व्हायला तासावर वेळ जातो. पण दहा वर्षांचा असताना शाळेला उशीर झाला की मी काय करायचो, ते मला आठवले. "जात्यावर भरडा," मी म्हणालो. "कण्या करा. कण्यांची पेज निम्म्या वेळात होते. पाणी आधीच उकळत ठेवा, कण्या गार पाण्यात कालवून मग सोडा, म्हणजे गुठळी होणार नाही. आणि डाव माझ्या हातात द्या." हे मी इतक्या खात्रीने म्हणालो की मलाच नवल वाटले. तीन आठवडे या गावात मी खोटे बोलत होतो, हॉटेलात खोटे जेवत होतो. पहिल्यांदा मला खरोखर येत असलेली गोष्ट कुणाला हवी होती.

यमुनामावशी आणि आणखी एक बाई जात्याला बसल्या. काकूंनी मोठ्या चुलीत कापसाच्या वाळक्या पळकाट्या कोंबल्या. मी त्या धुरात उभा राहून ढवळू लागलो. डाव एकदाही तळाला टेकू दिला नाही, एकदाही थांबलो नाही. बाहेरून कुणीतरी ओरडले, "मीठ टाकजो नको गा, कोकणवाल्या!" आणि गल्ली हसली, तेव्हा मला कळले की आता मला कुणी मारणार नाही. पेज फुटायला लागली, दाणा विरघळला, तोच वास आला. खरे सांगतो, तेव्हाही तोंडाला पाणी सुटले. काकूंनी जुन्या धोतरातून ती गाळली, हवेवर निववली, पुडीतला मोरचूद मोजून टाकला, आणि आम्ही गंज बाहेर आणला.

काकांनी दोन बोटे बुडवली. अंगठ्यावर घासली. मग एक सुटा धागा खळीतून ओढून घेतला, दोन हातांत ताणला, त्यावर फुंकर मारली आणि नखाने छेडला. त्या धाग्याने काय सांगितले ते मला ऐकू आले नाही. सगळी गल्ली त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"चालते," काका म्हणाले. मग पुन्हा छेडला. "मस्त चालते."

पुढचा तासभर मी जे पाहिले तसे काम नंतर कुठल्याही कचेरीत पाहिले नाही. दोन्ही बाजूंची माणसे एका लयीत कुंचे ओढत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मागून काकू आणि बाकीच्या बायका चिकटलेले धागे बोटांनी सुटे करत चालल्या होत्या. मलाही कुंचा दिला. मी तो एकदा ओढला आणि काकांनी तो माझ्या हातातून हळूच काढून घेतला. "तू पेजच बरी करतो गा," ते म्हणाले. तोवर ते मला अहो-जाहो करत होते. ऊन कौलांवरून खाली उतरले तेव्हा ताणा सुकून ताठ उभा होता.

उरला तो मिठाचा गंज. सांडून द्यायचा तर एवढा तांदूळ. काकूंनी आदल्या रात्रीची तर्री गरम केली, वाट्या मांडल्या, खारट पेजेवर एकेक चमचा तर्री सोडली आणि सगळ्या गल्लीला ओट्यावर बसवले. मला वाढताना त्यांनी चमचा अर्धाच केला. पांढऱ्यावर लाल तवंग पसरला. मी भीतभीत प्यालो. डोळ्यांत पाणी आले, पण कानापर्यंत गेले नाही.

"आजपासून हाटेल बंद," काकू म्हणाल्या. "आमच्यासंग जेवजो. हप्त्याले अर्धा चमचा वाढवीन. दिवाळीपर्यंत माणूस होशीन."

दिवाळीची वाट पाहावी लागली नाही. पावसाळा संपता संपता मी त्या पहिल्या भोजनालयात जाऊन पूर्ण तर्री मागवली, कोरड्या डोळ्यांनी जेवलो, आणि मालकाने मला ओळखून विचारले, "घरचं दुःख कमी झालं का, भाऊ?" माझी बायको उमरेडची आहे. तिच्या हातच्या पाटवडीच्या रश्शाला मी आज फिके म्हणतो, आणि ती ते अजिबात खपवून घेत नाही. पण हे मी आईला लिहिले होते तेवढेच खोटे.

त्या बारा लुगड्यांतले एकही मला पुढे कधी दिसले नाही. व्यापारी ती घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी बारीक सुताचे दुसरे गाठोडे पाठवून दिले. काका गिरणीत गेले नाहीत. बारावे लुगडे उतरल्यावर ताण्याची शेपटी उरते. तिच्यात लुगडे होत नाही, हात-दीड हात तुकडा होतो. तो काकांनी नीट विणून, काठ लावून माझ्या हातात ठेवला. "तुझ्या मायच्या तांदळाचा हाय. तिले पाठव."

मी तो तुकडा पाठवला आणि बरोबर लांबलचक पत्र लिहिले: गल्ली, ताणा, गंज, आणि माझ्या हातच्या पेजेने बारा लुगड्यांना कसा जीव दिला. मीठ आणि पाच तांबे एवढे वगळले. वाचकवर्ग होता ना! पंधरा दिवसांनी शालूचे उत्तर आले. आईने तो तुकडा पहिल्यांदा धुवायला घेतला तेव्हा परातीतले पाणी पांढरे झाले. तिने ते ओंजळीत घेऊन हुंगले. चार घरे ऐकायला जमली होती, माझे पत्र शालूने दोनदा वाचून दाखवले होते, सगळे वा वा म्हणत होते.  सगळे गेल्यावर आईने शालूला जवळ बसवले आणि जसे सांगितले तसेच लिहायला लावले: "तांदूळ मियां तुका खावक धाडलेले. ते लुगड्यान खाल्ल्यान, ता ऱ्हवांदे. तू काय खातंस, ता आता खरा लिव."

मी ओट्यावर बसून ते वाचले. आत काकूंनी ताट वाढले होते आणि हाक मारत होत्या. मी आधी आत जाऊन जेवलो, मग खोलीतून कागद आणला आणि लिहायला बसलो. त्या पत्रात कशालाच गुण दिले नाहीत.